मधल्यावरचा आळ

सोमवार, ३

प्रोसेसर आले एकदाचे. तीन डबे, डब्यांवर नावगाव काही नाही, नुसता लांबलचक आकडा. बाजारात यायला अजून अवकाश आहे म्हणून कंपन्यांनी इतकी लपवाछपवी चालवली आहे की विचारता सोय नाही. मालकांनी डबे माझ्या टेबलावर मांडले आणि म्हणाले, "महिनाअखेरीला मला एक नाव हवं. संगीतवाल्यांसाठी नवं मशीन काढायचंय, त्यात यातला कुठला बसवायचा ते तुम्ही सांगायचं. 'तिन्ही आपापल्या जागी चांगले आहेत' असलं काही मी ऐकून घेणार नाही."

आकडे लक्षात ठेवायचा मला कंटाळा, म्हणून आल्या आल्या नावं देऊन टाकली. थोरला, मधला, धाकटा. थोरल्याच्या पोटात सगळ्यात जास्त कोअर, म्हणजे एका वेळी राबणारे हात जास्त, आणि वीज पिण्यातही तोच पुढे. धाकट्यात कोअर कमी, पण सगळे एकसारखे. मधल्याची तऱ्हा वेगळी. त्यात काही कोअर मोठे आणि दांडगे, काही छोटे आणि काटकसरी. जड काम मोठ्यांनी ओढायचं, किरकोळ काम छोट्यांनी उरकायचं, आणि कुणाच्या वाट्याला काय द्यायचं ते मशीन आपलं आपण ठरवणार. मधल्याला कधी एकदा मशीनमध्ये बसवते असं झालंय. संशयही येतोय. काटकसर करणाऱ्यांवर माझा चटकन विश्वास बसत नाही.

अहवालात आकडेच चालतात. शंका, वैताग, अंदाजपंचे यांना तिथे थारा नाही. ते सगळं इथे लिहीन.

मंगळवार, ४

सकाळी नवऱ्याने विचारलं, "एवढं दिवसभर मोजता काय तुम्ही?" तो जनावरांचा डॉक्टर आहे. त्याच्या कामात मोजायचं म्हणजे ताप आणि वजन.

मी सांगितलं, कळ दाबली आणि सूर ऐकू आला, यांच्या मधला उशीर मोजतो. संगणकावर वाजवताना सूर प्रोसेसर बनवतो, आणि आवाज त्याला घासाघासाने भरवावा लागतो. घास मोठा असला तर त्याचं काम निवांत चालतं, पण सूर रेंगाळत येतो. घास लहान केला तर सूर लगेच येतो, पण प्रोसेसरची धांदल उडते. एखादा घास चुकला की चटचट आवाज येतो आणि ते रेकॉर्डिंग फुकट जातं.

"आणि हा उशीर केवढा?"

"सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले पाचसहा."

तो खदखदून हसला. "माझ्याकडे गाय उठून उभी राहायला अर्धा तास घेते, आणि तुम्ही पाच तुकड्यांसाठी भांडता!"

हसू दे. पाच तुकडे कळणारी माणसं असतात. माझ्या आत्याला तीन कळतात.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्या वर्कशॉपच्याच गल्लीत, टोकाला राहते. आख्खं आयुष्य तिने स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांना कीबोर्डची साथ दिली. स्टुडिओतली माणसं तिला 'घड्याळ' म्हणायची. आता पहिल्यांदाच ती स्वतःच्या धुना रेकॉर्ड करणार आहे, आमच्या नव्या मशीनवर, आमच्याच मागच्या खोलीत. "एवढी वर्षं दुसऱ्यांना वाढलं," म्हणते, "आता माझं ताट." नव्या मॉडेलचं पहिलं मशीन तिचं, असं मालकांनी कबूल केलं आहे. तेव्हा मी प्रोसेसर निवडणार तो आधी तिच्या बोटांखाली जाणार.

गुरुवार, ६

आज 'जुळे' चालवले. दोन छोट्या लोखंडी हातोड्या, विजेच्या झटक्याने खाली येतात आणि कीबोर्डच्या दोन कळा नेमक्या एकाच वेळी दाबतात. एक डावीकडची, एक उजवीकडची. मीच बनवलेत. दिसायला ओंगळ आहेत, पण प्रामाणिक आहेत.

थोरला सगळ्यात चपळ. पण त्याचा पंखा असा घोंगावतो की शेजारी माइक लावून गाणं म्हणायची सोय नाही. धाकटा थोडा मागे, पण एकदाही अडखळला नाही. मधला थोरल्याइतका चपळ आणि पंखा जवळजवळ मुका. मला आवडायला लागलाय, आणि म्हणूनच जास्त डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे.

शुक्रवार, ७

आत्या आली. कोट न काढता, डावा हात खिशात घालूनच खोलीभर फिरली. "भिंतींना हा फोम नवा का?" वगैरे चौकशा झाल्या. मी म्हटलं, "अगं, इतकी थंडी आहे का?" तर म्हणाली, "मला वाजते."

आम्ही कीबोर्ड दोन भागांत वाटतो. डाव्या हाताला खर्ज, उजव्या हाताला पियानो. म्हणजे प्रोसेसरला एकदम दोन वाद्यं सांभाळावी लागतात. थोरल्यावर आणि धाकट्यावर तिने संथ धून वाजवली. "पंखा बंद करा, मग बोलू," हा थोरल्याबद्दलचा निकाल. धाकट्याबद्दल, "शहाणा आहे." मग बोटं मोकळी झाल्यावर मधल्यावर तिने आपली ती धावती धून घेतली. सुरू होऊन काही क्षण गेले असतील नसतील, ती थांबली.

"डावीकडचं उशिरा येतंय."

मी रेकॉर्डिंग उघडून पाहिलं, आणि खरंच! खर्जाचे सूर पियानोच्या मागे पडलेले. पंचवीस तुकड्यांच्या आसपास. एवढा उशीर तर कुणालाही ऐकू जावा. मला इतका आनंद झाला की मी आत्याला मिठीच मारली. काल दिवसभर जुळ्यांना जे सापडलं नाही ते तिला एका धुनेत सापडलं. ती मात्र आपल्या हाताकडे बघत होती.

"मशीनच ना?" तिने विचारलं.

"मशीन नाही तर कोण? घड्याळ चुकेल होय!"

मला कारणही लगेच सुचलं. खर्ज म्हणजे हलकं काम. मशीनने ते नक्कीच छोट्या कोअरवर ढकललं असणार. काटकसर!

रविवार, ९

सुट्टी. जेवताना नवरा मध्येच म्हणाला, "परवा गल्लीत आत्या पुढे चालल्या होत्या. चालताना त्यांचा डावा हात हलतच नव्हता."

"खिशात असेल."

"खिशात नव्हता."

मी म्हटलं, तुला जिथे तिथे पेशंट दिसतात, त्यातून चार पायांचे. ती थकली आहे. रेकॉर्डिंगचं दडपण आहे. चपात्या गार होत होत्या.

डोक्यात मात्र एकच किडा वळवळतोय. घास उशिरा पोचला तर चटचट ऐकू यायला हवी. सूर मागे सरकायला नको. मग चटचट का नाही? याचं उत्तर माझ्याकडे नाही. सापडेल.

मंगळवार, ११

मधल्याचे छोटे कोअर चक्क बंद करून टाकले. आत्याला बोलावलं, धावती धून घेतली. उशीर तेवढाच. मग छोटे चालू ठेवून खर्ज सक्तीने मोठ्यांना बांधला. उशीर तेवढाच. म्हणजे मशीन माझं ऐकल्यासारखं दाखवतं आणि मागच्या दाराने आपलंच खरं करतं. अशी माणसं पाहिली आहेत, प्रोसेसर पहिल्यांदाच पाहते आहे.

दर वेळी वाजवून झालं की आत्या विचारते, "किती?" मी आकडा सांगते. ती मान डोलावते. तिलाही या शोधात मजा येऊ लागली आहे असं वाटतं.

बुधवार, १२

मधल्याला बाद केलं. ज्यांनी तो पाठवला त्या कंपनीला सविस्तर पत्र धाडलं. छोट्या कोअरमुळे खालचे सूर मागे पडतात, संगीताच्या कामाला हा प्रोसेसर चालणार नाही, रेकॉर्डिंग सोबत जोडत आहे. लिहिताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पत्र वाचून मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "जुळ्यांवर काय येतं?"

"जुळ्यांवर काही येत नाही."

"मग?"

"जुळे दोन कळा ठोकतात. आत्या संगीत वाजवते. खरा भार तेव्हा पडतो."

त्यांना ते पटलं, किंवा माझ्यावरच्या विश्वासाने त्यांनी ते पटवून घेतलं. "तुम्ही म्हणताय तर ठीक," म्हणाले. हे वाक्य मी आज दोनतीनदा आठवून पाहिलं.

शुक्रवार, १४

दुपारी आत्याकडे गेले. जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास आला. वर स्वयंपाकघरात धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि आत्या शेजारच्या खोलीत आरामात धुना लिहीत बसलेली. मी ओरडलेच, "अगं, वास नाही आला तुला?"

"नाक चोंदलंय," ती म्हणाली. आवाज तर स्वच्छ होता. पण असेल.

पातेलं घासताना मी तिच्या कागदांवर नजर टाकली. ओळीच्या सुरुवातीला अक्षर ठीक, शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढं. "कागद वाचवतेस का काय?" म्हटलं. पूर्वी हिचं अक्षर लांबून वाचता यायचं.

तिचा कीबोर्ड चालू होता. सहज वाजवून पाहिला तर सगळं उलटं लागलेलं. खर्ज उजवीकडे, पियानो डावीकडे. चुकून भलतं बटण दाबलं गेलं असणार. मी नीट लावून दिलं आणि तिला बजावलं, "असं काही झालं तर मला हाक मारत जा, उगाच घोळ घालत बसू नकोस."

"बरं बाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझा मधला खरंच वाईट आहे का गं?"

"वाईट म्हणजे? लबाड आहे."

"असू दे हो लबाड," आत्या म्हणाली. माझ्यासाठी चहा केला. दोन्ही कप तिने एकेक करून, उजव्या हातानेच आणले.

सोमवार, १७

घोटाळा झाला आहे.

धाकट्यावर शिक्कामोर्तब करायचं म्हणून आज आत्याकडून त्याच्यावरही धावती धून वाजवून घेतली. डावीकडचं उशिरा. घाईघाईने थोरला बसवला. डावीकडचं उशिरा. पहिल्या दिवशी या दोघांवर मी संथ धून घेतली होती आणि मधल्यावर धावती. नवशिकासुद्धा अशी तुलना करणार नाही. कान लाल झाले माझे.

पण लाज वाटून झाली आणि खरं सांगायचं तर मला उकळ्या फुटायला लागल्या. तिघेही एकाच जागी चुकतात म्हणजे चोर तिघांच्या बाहेर आहे! केबल? साउंड कार्ड? कीबोर्ड? आत्याच्या कळांची जी नोंद मशीनमध्ये उतरते ती पाहिली. खर्जाची कळ मशीनपाशी पोचते तेव्हाच ती उशिरा असते. म्हणजे प्रोसेसरच्या हातात काम पडायच्या आधीच गडबड झालेली असते. म्हणूनच चटचट नव्हती! अखेर हा किडा गेला.

केबल बदलली. साउंड कार्ड बदललं. आत्या त्याच त्या धुनेत मुकाट्याने पुन्हा पुन्हा बसत होती, मला तिची दया आली.

"अजून काय काय बदलायचं राहिलंय?" तिने विचारलं.

"कीबोर्ड. नाहीतर मग तुझी खुर्ची!"

यावर ती हसली. खूपच हसली, डोळे पुसण्याइतकं. एवढा काही विनोद नव्हता तो.

मंगळवार, १८

नवाकोरा कीबोर्ड, आजच खोक्यातून काढलेला. उशीर आहेच. उलट जरा वाढला.

बुधवार, १९

नवरा भांडी पुसत होता आणि मी त्याला हिशेब देत होते, प्रोसेसर बदलले, केबल बदलली, कार्ड बदललं, कीबोर्ड बदलला.

"आणि जुळ्यांनी वाजवलं की बरोबर येतं?"

"अगदी बरोबर."

त्याने एक ताटली फार वेळ पुसली. "मग काय बदलायचं राहिलं?"

"तेच तर कळत नाही ना!"

त्याने ताटली खाली ठेवली. काहीतरी बोलणार होता, पण दवाखान्यातून फोन आला आणि एका कुत्रीची सुटका करायला निघून गेला. दारातून परत आत डोकावून म्हणाला, "आल्यावर बोलू. नक्की बोलू."

मला तोवर युक्ती सुचली होती. आत्याच्या घरी चुकून उलटं लागलेलं आठवलं. तसंच मुद्दाम लावून पाहायचं! खर्ज उजव्या हाताला, पियानो डाव्या हाताला. खर्जाचं वाद्य सुस्त असेल तर उशीर खर्जाबरोबर उजवीकडे जाईल. कीबोर्डची डावी बाजू सदोष असेल तर... पण कीबोर्ड तर नवा आहे. असो. इतकी सोपी चाचणी आधी का सुचली नाही? उद्या छडा लागणार.

गुरुवार, २०

लागला.

सगळं उलटं लावून मी आत्याला म्हटलं, "आज गंमत आहे. खर्ज उजवीकडे."

ती खुर्चीत बसली. कळांवर हात ठेवले नाहीत. "वाजवायलाच हवं का?"

"अगं, दोन मिनिटांचं काम."

तिने वाजवलं. मला स्क्रीनकडे बघायची गरज पडली नाही. खर्ज ताठ, वेळेवर, ठाम. आणि पियानो त्याच्या मागे. उशीर वाद्याबरोबर गेला नव्हता. हाताबरोबर राहिला होता. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच नुसतं पाहिलं. बोटं उठत होती, पण जड. करंगळी तर जागची हलतच नव्हती.

धून संपली. या वेळी तिने "किती?" विचारलं नाही.

"हे मी करून पाहिलं होतं," ती म्हणाली. "तू आलीस त्या दिवशी. तू नीट लावून दिलंस ना, ते."

मग एकेक गोष्ट डोक्यात आपटत गेली. खिसा. दूध. मुंगीएवढं अक्षर. नवऱ्याने पुसलेली ती ताटली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो रागाचा होता. "मग सांगितलं का नाहीस? मी इथे केबली बदलत बसले! कंपनीला पत्रं धाडली!"

"तू इतक्या उत्साहाने शोधत होतीस," आत्या म्हणाली. "मला वाटलं, सापडलंच काही तर? तुझ्या मधल्यातच काही निघालं तर किती बरं होईल. रोज आकडा विचारायचे. म्हटलं, आज शून्य सांगशील."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसून रडले. ती उजव्या हाताने माझ्या केसांतून बोटं फिरवत होती. तिचा डावा हात मी माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. थरथरत वगैरे नव्हता. नुसता थंड होता.

शनिवार, २२

नवऱ्याने ओळखीतून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळवली. मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही, आणि आज डॉक्टरांच्या दारात त्याचा हात सोडवेना. गुरुवारी संध्याकाळी तो कुत्रीच्या पाच पिल्लांना जगवून एकदाचा घरी आला तेव्हा मी त्याला दार उघडून एवढंच म्हटलं होतं, "कळलं मला."

डॉक्टरांनी आत्याला अंगठा आणि पहिलं बोट भराभर जुळवायला सांगितलं.

"कुठल्या लयीत?" आत्याने विचारलं.

डॉक्टर जरा गडबडले. "तुम्हाला जमेल त्या."

उजवा हात असा चालला की डॉक्टर बघत राहिले. डाव्याच्या पहिल्या काही टिचक्या ठीक, मग लहान होत गेल्या, मग थबकल्या. त्यांनी तिला दारापर्यंत चालायला लावलं. मनगट हलवून पाहिलं. वासाचं विचारलं. मग शांतपणे सांगितलं, कंपवाताची सुरुवात आहे.

"पण माझा हात कापत कुठे आहे?"

"सगळ्यांचा कापत नाही. काहींचा आधी मंदावतो."

औषधाने हात बराच मोकळा होईल, पण किती आणि किती काळ, ते आज सांगता येणार नाही. एवढ्या लवकर हे कुणाच्या लक्षात कसं आलं, असं त्यांनी विचारलं. आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने मोजलं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी काय मोजत होते ते मला ठाऊक होतं का?

सोमवार, २४

मधल्याची माफी मागितली. कंपनीला लिहिलं की आधीचं पत्र रद्द समजावं, दोष प्रोसेसरचा नव्हता, तपासणीत माझी चूक झाली. कारण दिलं नाही. ते त्यांच्या कामाचं नाही.

मग तिघांना पुन्हा पहिल्यापासून, सारख्या चाचणीवर, जुळ्यांच्या हातोड्यांखाली बसवलं. मधला निर्विवाद पुढे. छोटे कोअर चालू असोत की बंद, जुळ्यांचे सूर एका रेषेत. बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला.

मालकांना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या उमेदवारीच्या काळात आत्याने त्यांना स्टुडिओत ताल धरायला शिकवलं होतं, हे मला आज कळलं.

"मशीन मधल्याचंच करा," ते म्हणाले. "आणि पहिलं त्यांनाच. ते ठरलेलं आहे."

बुधवार, २६

औषध सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत. आत्या म्हणते हात थोडा हलका वाटतो, पण धावत्या धुना हातात येत नाहीत.

मी एक उपाय घेऊन गेले होते. रेकॉर्ड झाल्यावर डाव्या हाताचे सगळे सूर मशीनमध्ये किंचित पुढे सरकवायचे. कुणाच्या बापाला कळणार नाही. तिला तसं करून ऐकवलंसुद्धा.

तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर आहे," म्हणाली. "पण ही कोण वाजवतेय?"

मी सरकवलेले सूर परत जागेवर नेले.

"संथ धुना माझ्या मी वाजवीन, दोन्ही हातांनी. डावा जिथे येईल तिथे येईल, सरकवायचा नाही. धावत्या तीन उरतात. त्यांचा डावा हात तू."

मला वाटलं चेष्टा करते आहे. लहानपणी तिने मला दोन वर्षं शिकवलं आणि मग हात टेकले होते. मी कायम तिच्या आधी पोचायचे. मला ती 'घाई'च म्हणायची, अजूनही कधीकधी म्हणते.

"अगं, स्टुडिओंत एवढी तुझी माणसं आहेत. कुणीही धावत येईल."

"येईल ना. पण हे माझं ताट आहे. शेजारी कुणाला बसवायचं ते मी ठरवणार."

रविवार, ३०

एकाच बाकावर दोघी. तिच्या डाव्या खांद्याला माझा उजवा खांदा लागत होता. मधला टेबलाखाली गुपचूप काम करत होता.

पहिल्यांदा वाजवलं. "किती?" आत्याने विचारलं.

मी स्क्रीन पाहिली. "वीस. आधी."

"वाटलंच मला!" ती म्हणाली. मनापासून हसली. इतक्या दिवसांत तिच्या 'किती'ला मी पहिल्यांदाच तिच्या पसंतीचं उत्तर दिलं असावं.

पुन्हा. अठरा, आधी. पुन्हा. एकवीस. घाम फुटला मला. मी आकड्याला घाबरून वाजवत होते आणि घाबरून आणखी धावत होते. नवरा दाराशी उभा राहून चहा पीत होता, तोही प्यायचा थांबला.

"घाई, इकडे बघ," आत्या म्हणाली. "कळांकडे बघू नकोस. माझ्या हाताकडे बघ. तो खाली येईल तेव्हा ये. त्याच्या आधी तुला कुठे जायचंय?"

मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मनगटावर निळी शीर, अंगठ्याजवळ लहानपणापासून ओळखीचा तीळ. तिचा डावा हात मांडीवर होता आणि त्याचं एक बोट, जड का होईना, माझ्या खर्जाबरोबर मांडीवर ठेका धरत होतं. हात उठला, हात खाली आला, मीही आले. मग पुन्हा. पुढे कुठली कळ होती, किती वेळ गेला, मला ठाऊक नाही. मी थांबत होते आणि तिच्याबरोबर निघत होते. खर्ज आणि पियानो वेगळे ऐकू येईनासे झाले. धून संपली तेव्हा नवऱ्याने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

आत्याने उजवा हात कळांवरून उचलला. मग तिने विचारलं, "किती?"

मी स्क्रीनकडे वळले. स्क्रीन कोरी होती. रेकॉर्डचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

मला वाटलं आता ओरडेल. तिने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि मांडीवरचा डावा हात उचलून, सावकाश, त्याच हाताने बटण दाबलं.

"चल," ती म्हणाली, "परत."